गरमी नव्हे

सांगलीच्या डॉक्टरांनी कृष्णातच्या सकाळच्या लघवीची बाटली खिडकीच्या उजेडात धरली. काकवीसारखी काळीलाल. मनुबाईनं मान खाली घातली. नवऱ्याची अब्रू अशी परक्याच्या हातात बघणं तिच्या जिवावर आलं होतं.

लढाईवरून कृष्णात परतला तो हे दुखणं घेऊनच. परसातल्या राखेवरचा लघवीचा लाल डाग बघून त्याच्या आईनं, रंगूबाईनं, निदान करून टाकलं: पलटणीतली गरमी. या शब्दाला आमच्याकडे दोन तोंडं. उन्हाची गरमी असली तर सब्जा देतात, बाजारबसवीची असली तर तोंड फिरवतात. कृष्णात शपथा घेऊन थकला. साताऱ्याच्या डॉक्टरकडे पोचेपर्यंत दुपार व्हायची, आणि दुपारी लघवी पाण्यासारखी स्वच्छ. कुठं शेण खाल्लंस ते सांग, एवढंच तो डॉक्टर म्हणाला. मग मनुबाईनंही आपलं अंथरूण चुलीपाशी हलवलं. सगळा गाव खोटं कसं बोलेल? तोंड सुजून लघवी थेंबावर आली तेव्हा कुठं सांगली सुचली. इथं रात्री ठेवून घेतलं, म्हणून सकाळ सापडली.

"ही गरमी नव्हे," डॉक्टर म्हणाले. "यांचं रक्त आतल्या आत फुटतं. त्याचा गाळ बसून मूत्रपिंडं गेली. कुणाकडून आलेलं नाही, कुणाला लागणारही नाही."

रोगाचं लांबलचक इंग्रजी नावही त्यांनी सांगितलं. उपाय विचारला, तर नाही म्हणाले.

कृष्णात सुजल्या डोळ्यांनी हसला. "ऐकलंस न्हवं, मने? मग झालं."

मनुबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात तो गेला. माती सावडून झाल्यावर दारात बायका जमल्या, तेव्हा ती सासूला म्हणाली, "आत्ती, त्यास्नी गरमी नव्हती."

"मग काय व्हतं? नाव सांग की."

नाव तिच्या जिभेवर बसलंच नव्हतं. रगत फुटत हुतं, असं ती म्हणाली. बायकांनी एकमेकींकडं बघितलं.

मेलेल्याचं अंथरूण टाकतात खरं, पण हातानं उचलून. रंगूबाई रडता रडताच काठीच्या टोकानं त्याची वाकळ उकिरड्याकडं ओढू लागली. मनुबाईनं ती हिसकावली, अंगभर लपेटली आणि सगळ्यांसमोर अंगणात बसली. ऊन रणरणत होतं. तिनं वाकळ खांद्यावरून ढळू दिली नाही.