नेहमीसारखी ठेव

डबा हातात आला आणि माझ्या बोटांना गारवा लागला. मार्चचा पहिला आठवडा होता, हॉल्कडेनच्या चर्चचा हॉल काही ऊबदार म्हणता येत नाही, पण हा गारवा हवेचा नव्हता. मी झाकण उचललं. आत वाळक्या गवतावर नऊ अंडी मांडलेली होती, एकावरही डाग नाही, सगळी लख्ख. व्हिनेगरचा वास अजून येत होता.

"कशी आहेत?" डोरीनने विचारलं. तिने केस नीट बसवून घेतले होते आणि नवऱ्याच्या, नॉर्मनच्या, अंत्यसंस्काराला घातलेला कोट घातला होता. "दोन दिवस जीव टांगणीला होता बघ माझा. एक फुटलं असतं तर मी त्याच्यापाशी जाऊन काय सांगणार होते?"

"झकास आहेत," मी म्हणालो.

मी क्लेम शोरॉक. जन्म बसडेपोत इंजिनं खोलण्यात गेला आणि सुट्टीचे सगळे दिवस कोंबड्यांच्या प्रदर्शनांत पंचगिरी करण्यात. खोऱ्यातल्या निम्म्या लोकांनी माझ्याशी कधी ना कधी अबोला धरलेला आहे, कारण कोंबडीच्या नखाला नख म्हणायची मला सवय आहे. त्या दिवशी मात्र मी झाकण लावलं आणि डबा तिच्या हातात परत दिला.

उबवायची अंडी कोणी धूत नाही. धुतलं की कवचावरचा पातळ थर निघून जातो आणि नको ते सगळं आत शिरतं. फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवत नाहीत, आतला जीव जागच्या जागी गारठतो. दहांत एखादं तरीही उमलतं म्हणतात. म्हणणारे पुष्कळ भेटले, उमललेलं दाखवणारा कोणी भेटला नाही.

डोरीनला हे कसं माहीत नाही, असं कोणी विचारेल. तिने पस्तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवू घातलं आणि तेवढीच वर्षं नॉर्मन करशॉच्या प्रदर्शनाच्या ताटल्या सजवल्या. आमच्याकडे अंड्यांचंही प्रदर्शन असतं. एका ताटलीत तीन अंडी, आकाराने आणि रंगाने इतकी सारखी की आईलाही ओळखू येऊ नयेत. त्यांतलं एक पंच फोडतो आणि बलक किती ताठ उभा राहतो ते बघून गुण देतो. म्हणून अंडं घरट्यातून काढलं की डोरीन ते व्हिनेगरच्या पाण्यातून काढायची, मऊ फडक्याने पुसायची आणि थेट फ्रिजमध्ये ठेवायची. तिच्या ताटल्यांना खोऱ्यात तोड नव्हती. बक्षिसाच्या कार्डावर नाव नॉर्मनचं असायचं.

उबवणीची अंडी वेगळी. ती नॉर्मन स्वतः उचलायचा, मागच्या शेडमध्ये न्यायचा आणि दार लावून घ्यायचा. शेडची किल्ली त्याच्या वेस्टकोटाच्या खिशात असे. त्याच्या मूनी कोंबड्या म्हणजे पांढऱ्या पिसावर चंद्रासारखा काळा गोल ठिपका, एकही ठिपका वेडावाकडा नाही. त्याच्या आजोबांपासून चालत आलेलं वाण. ते त्याने जन्मात कोणाला दिलं नाही. जास्तीची पिल्लं झाली तर रश्श्यात जायची, पण शेजारच्या थॉर्नशॉ क्लबातल्या सिरिलच्या खुराड्यात जायची नाहीत. मी त्याला एकदा म्हणालोही होतो की तू मेलास की हे वाण तुझ्याबरोबर पेटीत घालायचं का. त्याने हसून विषय बदलला, आणि तीन वर्षांनी खरंच मेला.

डोरीनने मग असं काही केलं, जे आम्हा कोणाला सुचलं नव्हतं. हॉल्कडेन, थॉर्नशॉ आणि मिलबेक असे आमचे तीन क्लब. एका कोंबड्याच्या रंगवलेल्या पिसांवरून चाळीस वर्षांपूर्वी भांडलेले. प्रत्येकात आठ-दहा म्हातारे उरलेले. ही बाई पंच्याहत्तराव्या वर्षी वाचनालयात जाऊन संगणक शिकली आणि इंटरनेटवरच्या कोंबडीवाल्यांच्या कट्ट्यावर तिन्ही क्लबांचं मिळून एक पान उघडून बसली. सिरिलला तिने घरी जाऊन सांगितलं की तुम्ही भांडायला जिवंत राहावं एवढ्याचसाठी हे करतेय. त्या पानावर देशभरातली नवी माणसं प्रश्न विचारू लागली. ती ते कागदावर उतरवून आमच्या सभेत वाचायची, आम्ही आपापसात हुज्जत घालत उत्तरं द्यायचो आणि ती दुसऱ्या दिवशी टाइप करायची. खाली सही "नॉर्मन करशॉ यांच्या घरून" अशी. दोन वर्षांत मिलबेकला सहा नवे सभासद मिळाले. त्यांतली एक तर विशीतली नर्स होती. तिला बघून सिरिल दाढी करून यायला लागला.

त्या हिवाळ्यात पक्ष्यांचा रोग आला आणि सरकारने पक्षी एकत्र आणायला बंदी केली. डोरीन म्हणाली, पक्षी नाहीत तर अंडी आणू. तिन्ही क्लबांचं पहिलं एकत्र प्रदर्शन असं ठरलं. आणि त्याआधी दोनच आठवडे नॉर्मनचा शेवटचा मूनी कोंबडा खुराड्यात मरून पडला. म्हातारा झाला होता. मागे तीन कोंबड्या राहिल्या. कोंबडा गेल्यावरही दोन-तीन आठवडे कोंबडीची अंडी उबवायच्या कामाची असतात, त्यानंतर नाही. म्हणजे त्या पंधरवड्यात जी अंडी पडतील तेवढंच ते वाण. दुसऱ्याचा कोंबडा सोडला असता तर निम्मंच हाती लागलं असतं, आणि आमच्यात निम्म्याला कोणी मोजत नाही.

डोरीनने कट्ट्यावर लिहिलं. पार कॉर्नवॉलहून जागो पेनरोज नावाच्या माणसाचं उत्तर आलं. टपालाची गाडी चालवणारा, तिशीतला, जुनी वाणं जिवापाड सांभाळणारा. तो म्हणाला, मी स्वतः येतो, अंडी गाडीत शेजारच्या सीटवर ठेवून नेतो, पिल्लं झाली की अर्धी तुमच्या तिन्ही क्लबांना परत आणून देतो. नॉर्मनने जे कधी केलं नसतं ते करायला ती एका दिवसात तयार झाली.

त्या आठवड्यात तिचा मला फोन आला होता. मी टीव्हीवर फुटबॉल बघत होतो. ती म्हणाली, "क्लेम, आज पहिली दोन मिळाली. नेहमीसारखीच ठेवू ना रे?"

मी म्हणालो, "हो, नेहमीसारखी ठेव."

माझं 'नेहमीसारखी' म्हणजे नॉर्मनची नेहमीसारखी, शेडमधली. तिचं म्हणजे स्वयंपाकघरातली. तिला दुसरी ठाऊकच नव्हती. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. आवाज कमी करून एक प्रश्न विचारला असता तरी पुरलं असतं.

प्रदर्शनाच्या दिवशी जागो दुपारी हॉलवर पोचला. उंच, लाजाळू, लोकरीची टोपी हातात चुरगळत उभा. डोरीनने दोन्ही हातांनी डबा पुढे केला. त्याने झाकण उघडलं, एका अंड्याला बोट लावलं आणि तो क्षणभर थांबला. त्यालाही कळलं. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि मी खाली बघितलं.

"मिसेस करशॉ," तो म्हणाला, "इतकी जपलेली अंडी मी कुठेच बघितली नाहीत."

"नॉर्मनचा जीव होता हो त्यांच्यात," ती म्हणाली. "पोहोचलात की कळवा. पहिलं पिल्लू बाहेर आलं की तर लगेच कळवा."

ते प्रदर्शन असं काही रंगलं की विचारू नका. बहात्तर ताटल्या, मटण-बटाट्याचे पॅटिस, सिरिल आणि मिलबेकचा अध्यक्ष एकाच बाकावर. मी एक घास घेऊन बशी बाजूला ठेवली.

आठव्या दिवशी जागोचा मला एकट्याला निरोप आला. त्याने अंडी दिव्यासमोर धरून बघितली होती. सात कोरी होती, आत काही धरलंच नव्हतं. दोनांत रक्ताची बारीक रेघ धरून थांबली होती. 'तुम्ही सांगाल का त्यांना? मला जमणार नाही,' असं त्याने लिहिलं होतं.

मी तीन दिवस टाळलं. तेवढ्यात लोकांनीच ताडलं, कारण कट्ट्यावर सगळे रोज विचारत होते आणि जागो गप्प होता. थॉर्नशॉत सिरिलने आवाज चढवला. इंटरनेटवरच्या परक्याला आपलं शंभर वर्षांचं वाण दिलं आणि त्याने वाट लावली, त्याचं यंत्र बिघडलं असणार, नाहीतर पिल्लं दाबून बसायचा बेत असणार. पुढच्या सभेत ते पान बंद करायचा ठराव येणार होता. आमच्यातही माना हलल्या. ज्यांनी दोन वर्षं त्या कट्ट्यावर शहाणपण पाजळलं तेच आता म्हणत होते की आम्ही आधीच सांगत होतो.

मग मी गेलो. डोरीन मागच्या अंगणात तिन्ही कोंबड्यांना दाणे टाकत होती. मला आत नेऊन तिने चहा ठेवला.

"कोरी निघाली ना?" पाठमोरी राहूनच तिने विचारलं.

मी खुर्ची ओढून बसलो.

"मला प्रदर्शनाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. कट्ट्यावर एका नवख्या पोरीला कोणीतरी सांगत होतं, अंडी धुवू नकोस, फ्रिजमध्ये ठेवू नकोस. मी चार वेळा वाचलं ते. मग वाटलं, एखादं तरी." तिने कपांत दूध ओतलं. "तू तर डबा हातात घेतल्याघेतल्या ओळखलंस. तुझं तोंड बघितलं होतं मी."

"डोरीन, तू मला फोनवर विचारलं होतंस. आणि मी—"

"मी? नाही रे. काय विचारलं होतं?"

"नेहमीसारखी ठेवू का, म्हणून."

"मला नाही बाबा आठवत," ती म्हणाली. "या वयात कुठे काय आठवतं. साखर एकच ना तुला?"

शाळेत पाचशे पोरांपैकी कोणाला मटार चालत नाहीत हे लक्षात ठेवणारी बाई. मला रडूच आलं. मी कपात बघत बसलो आणि तिने मला बसू दिलं.

"त्याचा राग नाही येत तुला?" शेवटी मी विचारलं. "नॉर्मनचा. एक दिवस जरी शेडमध्ये घेतलं असतं त्याने तुला."

तिने आपला कप विसळून ठेवला. मग म्हणाली, "येतो. आता येतो. आणि येतो तेव्हा तो समोर नसतो, हे फार वाईट."

सभेच्या आदल्या दिवशी तिने कट्ट्यावर लिहिलं. मी ते छापून घेतलं आहे.

'कॉर्नवॉलच्या जागो पेनरोज यांचा काही दोष नाही. त्यांनी माझ्या समाधानासाठी आठ तास गाडी चालवली आणि मला एका शब्दाने दुखावलं नाही. अंडी मी धुतली आणि मी फ्रिजमध्ये ठेवली. मला उबवणीतलं काही कळत नाही. कळत असणारी पुष्कळ माणसं माझ्या ओळखीची आहेत, पण मी कोणाला विचारलं नव्हतं. नव्या लोकांनी विचारत जावं, म्हणूनच हे पान आहे. ते बंद करू नये. डोरीन करशॉ.'

मी त्याखाली एक ओळ लिहिली. 'तिने मला विचारलं होतं. क्लेम शोरॉक.' तासाभराने बघतो तर ओळ गायब. पानाची किल्ली तिच्याकडे होती. मी पुन्हा लिहिली, तिने पुन्हा काढली. तिसऱ्यांदा काढल्यावर मला खाजगी निरोप आला की क्लेम, आता पुरे, मला पाव भाजायचा आहे.

सभेत ठराव मांडायला सिरिल उठला आणि न मांडताच बसला. मी उभा राहून सगळ्यांना फोनची गोष्ट सांगितली. डोरीन मात्र मला सगळ्यांदेखत म्हणाली की तुझी स्मरणशक्ती गेली आहे, डॉक्टरला दाखव. लोक हसले, आणि ती गोष्ट तिथे मिटली. माझ्यापुरती मिटलेली नाही.

एप्रिलच्या शेवटी मिलबेकला अंड्यांचं प्रदर्शन झालं. पक्ष्यांवरची बंदी अजून उठली नव्हती. पंच मीच होतो. जागो आला होता, त्याच्या ताटल्या खिडकीकडे होत्या. चौदा नंबरच्या ताटलीत तीन पांढरीशुभ्र अंडी होती, रेषेत, एकमेकांच्या मापाची. कार्ड नियमाप्रमाणे पालथं होतं, पण ती अंडी कोणाची हे मला उलटून बघावं लागलं नाही. आमच्याकडे अशी अंडी आता तीनच कोंबड्या घालतात. गुण देण्याआधी ओळख दाखवणं बरोबर नाही, म्हणून मी डोरीनकडे बघितलं नाही. ती मागे चहाच्या भांड्यापाशी उभी होती.

मधलं अंडं उचलून मी बशीच्या कडेवर फोडलं. पांढरं घट्ट होतं, पसरलं नाही. बलक गोल आणि ताठ उभा राहिला. मी चष्मा पुसून जवळून बघितलं. खुराड्यात कोंबडा असला की बलकावर फिकट वलय असतं, त्यातूनच पिल्लू धरतं. इथे एक लहानसा पांढरा ठिपका होता, नुसता.

मी पूर्ण गुण लिहिले आणि कार्ड उलटं केलं. त्यावर तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं.