हलक्या मालाचे पॅड

माणूस शत्रूचे वाईट चिंततो तेव्हा त्याच्या मनात निदान द्वेष असतो. द्वेषाला नाव आहे, म्हणून कधीतरी त्याची लाज वाटण्याचा संभवही आहे. परंतु आपल्याच रक्ताच्या माणसाचा जीव जो व्यवहाराच्या तागडीत घालतो, आणि तोही दात कोरत, निर्विकार चित्ताने, त्याच्या कृत्याला काय म्हणावे हे शास्त्रकारालाही सहजासहजी सुचणार नाही. असे कृत्य पाहणाऱ्याला धड क्रोधही येत नाही. त्याच्या वाट्याला येते ती केवळ किळस. थोरल्याच्या वाट्याला ती एका सकाळी, गॅरेजच्या तेलकट जमिनीवर उभे असताना आली.

दोघे भाऊ फरशांचा व्यापार करीत. वखार टेकडीवर, दुकान खाली बाजारात, आणि मध्ये वळणावळणांचा लांबलचक उतार. त्या उतारावरून फरशांनी भरलेली पिकअप खाली आणण्याचे काम त्यांच्या भाच्याकडे होते. विधवा बहिणीचा तो एकुलता एक मुलगा. वडिलांच्या माघारी गिऱ्हाइकांशी बोलणे थोरल्याकडे आले आणि खरेदी धाकट्याकडे गेली. ही वाटणी थोरल्याने पुढे कधी तपासून पाहिली नाही. धाकटा गोड बोले आणि काम वेळेवर होई. आणखी काय पाहायचे?

आदल्या दिवशी भाचा त्याला सहज म्हणाला होता, "थोरले मामा, शेवटच्या वळणावर गाडी थांबते, पण जरा विचार करून थांबते."

थोरला हसला नाही. सकाळ होताच तो धाकट्याबरोबर गॅरेजात आला.

मिस्त्रीने पुढचे चाक उतरवले तसा जळका, उग्र वास पसरला. काळी भुकटी त्याच्या मनगटापर्यंत चढली. ब्रेकचा झिजलेला पॅड त्याने काढून थोरल्यापुढे धरला. पत्र्यावर तबकडीला घासणारा मसाला उरला होता तो नखाच्या जाडीचा. चाकाच्या तबकडीवर खोल चरे पडले होते.

"पॅड झिजला ते एक वेळ ठीक," मिस्त्री म्हणाला, "पण इथली पट्टी कुठे गेली? पॅड संपत आला की ही लोखंडी पट्टी तबकडीला घासते आणि कर्कश आवाज करते. ड्रायव्हरला कळावं म्हणूनच असते ती. ही तर कुणीतरी छाटलीय!"

"कुणीतरी कशाला? मीच छाटायला लावली," धाकटा मोकळेपणाने म्हणाला. "काय ती किंचाळायची, दादा! दुकानापुढे गाडी थांबली की गिऱ्हाईक कानांत बोटं घालायचं. म्हणून आधीच्या मिस्त्रीला म्हटलं, टाक उडवून."

"आणि पॅड बदलले नाहीस?"

"पॅड चालत होते की! चालत्या बैलाला कोण विकतं?"

"भाच्याला सांगितलंस?"

धाकटा हसला. "त्याला काय सांगायचं? आवाज गेला म्हणून तोच खूश झाला. म्हणाला, धाकटे मामा, तुम्ही लक्ष घातलंत, फार बरं झालं."

ते हसणे थोरल्याने लहानपणापासून पाहिले होते. आज प्रथमच त्याला त्या हसण्यातले दात दिसले, त्यांच्या फटींत अडकलेले अन्न दिसले, आणि त्याने मान फिरवली.

सुट्या भागांचे दुकान गॅरेजला लागूनच होते. मालकाच्या बोलण्यावरून गावाने त्याचे नाव साखरशेठ ठेवले होते. काउंटरची काच बोटांच्या ठशांनी धुरकटली होती आणि काचेखाली नटबोल्टांच्या शेजारी माश्या मरून पडल्या होत्या. शेठने चहा मागवला. कपावर साय धरली होती. ती त्याने बोटाने उचलून काउंटरच्या कडेला पुसली आणि कप थोरल्यापुढे सरकवला.

धाकट्याने प्रथम स्वतःच्या मोटारीचे पॅड मागितले. ते निवडण्याची त्याची रीत पाहण्यासारखी होती. खोके उजेडात धरले, त्यावरचे सील तपासले, माल कधी बनला ते वाचले, पॅड काढून त्यावरून तळहात फिरवला. एका खोक्याचा कोपरा दबलेला निघाला, तर ते परत करून दुसरे मागितले.

"चोखंदळ आहात बुवा!" शेठ म्हणाला.

"घरची गाडी आहे, शेठ. बायकापोरं बसतात. तिथे तडजोड नको."

"आणि पिकअपला?"

"नेहमीचे."

शेठने वरच्या फळीकडे पाहिलेसुद्धा नाही. वाकून त्याने काउंटरखालून एक फिकट छपाईचे खोके काढले आणि धाकट्याने ते न उघडताच पिशवीत टाकले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण थोरल्याने आयुष्यभर ऐकली होती. ती काउंटरवर अशी दोन खोक्यांत मांडलेली मात्र कधी पाहिली नव्हती.

त्याने पिशवीतले खोके काढून उघडले. पॅडच्या कडेला अंगठा घासताच मसाल्याचा चुरा निघाला.

"शेठ, हे काय आहे?"

"हलका माल आहे, दादासाहेब. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? रिकाम्या गाडीला, सपाट रस्त्याला चालून जातो."

"आमची गाडी कुठे चालते ते तुम्हाला ठाऊक आहे?"

"सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"मग?"

"गिऱ्हाईक म्हणजे देव. देवाने मागितलं ते द्यावं, देवाला अक्कल शिकवू नये." एवढे बोलून शेठने सायीचे बोट चोखले.

धाकटा मध्ये पडला. "दादा, तू उगीच जीवाला लावून घेतोस. भाचा गाडी गियरवर उतरवतो. हात बसलाय त्याचा. ब्रेकला नुसता पाय लावतो म्हण ना!"

"असं म्हणतोस? मग हेच बसवू," थोरला शांतपणे म्हणाला. "आज भरलेली गाडी उतरेल तेव्हा तू त्याच्या शेजारी बस."

"मी? मी कशाला?"

"माल सांभाळायला."

"मग दुकान कोण उघडणार?"

"मी उघडीन."

"अरे, माझी पाठ! पिकअप किती आदळते माहीत आहे ना?"

"उशी देतो."

शेठ खुदकन हसला. धाकट्याने पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले. शेवटी तो दुखावलेल्या स्वरात म्हणाला, "असं काय बोलतोस, दादा? माझी लेकरं लहान आहेत."

हे वाक्य त्याने अपराधी होऊन उच्चारले नव्हते. थोरल्या भावाला साधी गोष्ट कळत नाही याचे त्याला वाईट वाटले होते. म्हणजे ते पॅड काय आहेत हे त्याला पूर्णपणे ठाऊक होते. चूक नव्हती, अज्ञान नव्हते. उतार ठाऊक, ओझे ठाऊक, आणि त्या ओझ्यापुढे बसणारा कोणाचा कोण तेही ठाऊक.

थोरल्याने रुमालाने अंगठा पुसला, पुन्हा पुसला, काळे जाईना. याच भावाच्या ताटाला ताट लावून तो जेवत आला होता. आणि त्या काळ्या चुऱ्यातून जे वाचत होते त्याचा अर्धा वाटा निमूटपणे त्याच्याही घरी पोचत होता. मग ही किळस केवळ पलीकडच्या माणसाची कशी म्हणावी? ती अंगठ्यावरून अंगभर चढली.

"शेठ," तो म्हणाला, "पूर्ण भार घेऊन, तापल्यावरही धरतील असे कोणते? देवाचं राहू द्या. स्वतःचा मुलगा चालवत असता तर कोणते दिले असते?"

शेठची साखर प्रथमच विरघळली. त्याने स्टूल ओढले, वरच्या फळीवरून एक जड खोके काढले आणि धूळ झटकली. "हे. नवीन असताना थोडा वास मारतात, पण धरतात. आणि दोन्ही तबकड्याही बदला. चरे पडलेल्या तबकडीवर नवा पॅड म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

धाकट्याने स्वतःच्या मोटारीचे खोके हळूच काखेत घेतले. थोरल्याने ते पाहिले. "ने," तो म्हणाला. "तुझी बायकापोरंही माझीच आहेत."

दुपारी भाचा गाडी न्यायला आला तेव्हा मिस्त्री शेवटचे चाक आवळत होता. थोरल्याने छाटलेल्या पट्टीचा जुना पॅड त्याच्या हातात ठेवला आणि धाकट्याच्या देखत, काहीही न लपवता, सारे सांगितले.

भाचा बराच वेळ पॅड उलटासुलटा करून पाहत राहिला. "आणि मी ह्यांचे आभार मानले होते," तो म्हणाला. मग रस्त्याच्या कडेला जाऊन तो थुंकला. परत येऊन म्हणाला, "मामा, आईला सांगू नका. झोपणार नाही ती."

"सांगणार. मीच सांगणार. आणि ह्यापुढे गाडीची खरेदी तुझी. गाडी ठीक नाही असं तू म्हणालास, तर माल वखारीतच राहील. माझा निरोप आला तरी."

"आजच म्हणतो मग. नवे पॅड लगेच भारावर घालायचे नाहीत. आधी रिकाम्या गाडीने, सपाटीला बसवून घ्यावे लागतात."

"चल. मी शेजारी बसतो."

थोरला चढून बसला तोच धाकटा दाराशी आला. चेहरा पूर्वीसारखाच प्रसन्न. "सरक जरा, दादा. मीही येतो, वाटेत दुकानापाशी सोडा."

"पाठ बरी झाली?"

"आता नवे पॅड आहेत ना! आता काय हरकत आहे?"

जनाची नाही तर निदान मनाची लाज धर, असे थोरल्याच्या ओठांवर आले; पण बोलण्याचीही त्याला शिसारी आली. त्याने दार ओढून लावले. "चालत ये," एवढेच तो म्हणाला.

पिकअप सपाट रस्त्याला लागली. भाचा वेग धरी, ब्रेक दाबे, सोडी, पुन्हा वेग धरी. नव्या मसाल्याचा वास आत शिरू लागला. तो सुवास नव्हता, पण थोरल्याने काच वर केली नाही. हळूहळू गाडी पायाखाली ठाम थांबू लागली, आणि भाच्याच्या खांद्यांतला ताण, जो तिथे आहे हे आजवर कोणी पाहिले नव्हते, थोडा सैल झाला.

त्या उतारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला वेळीच थांबता येवो. बहिणीच्या उंबऱ्यावर तिचा मुलगा रोज धडधाकट परत येवो. थोरल्याची नजर आता मिटल्या डोळ्यांच्या सुखाकडे पुन्हा न वळो. आणि जो मागे भर उन्हात, नवे खोके काखेत घेऊन चालत येत होता, त्यालाही कधीतरी स्वतःची किळस येण्याइतके मन लाभो.