नातेवाइकाच्या बाजूचा ग्लास

पाण्याचा ग्लास आपल्याच बाजूला आहे हे तिनं पाहून घेतलं, पर्स मांडीवर ओढली आणि नवऱ्याची बातमी ऐकायला तयार होऊन बसली.

समोरची उंच मुलगी खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली होती. पांढरा कोट नवाकोरा, इस्त्रीच्या घड्यासुद्धा मोडलेल्या नव्हत्या. मागच्या बाकांवर तिच्या वर्गातली बाकीची मुलं होती आणि त्यांच्यामागे भिंतीला टेकून त्यांना शिकवणाऱ्या डॉक्टर मॅडम उभ्या होत्या.

"काकू, तुमच्यासोबत कोणी आलंय का?" मुलीनं विचारलं.

"नाही. का?"

"नाही, असंच. तुमच्या मिस्टरांचे रिपोर्ट आलेत. ते जरा... हवे तसे नाहीत."

"कसे हवे होते?"

बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. मॅडमनी नुसतं तिकडे पाहिलं आणि हसू जागच्या जागी विरलं.

हे तिचं काम होतं. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांना वाईट बातमी सांगायचा सराव व्हावा म्हणून ती खोटी नातेवाईक व्हायची. कधी आई, कधी बहीण, बहुतेक वेळा बायको. पूर्वी ती हौशी नाटकांतून कामं करायची. तिथं तिला 'जेवायला वाढू का?' याच्यापुढचं वाक्य कोणी दिलं नाही, इथं मात्र तिच्यावाचून पान हलत नव्हतं. मॅडमनी पहिल्याच दिवशी तिला नियम घालून दिला होता: काही समजून घ्यायचं नाही. एरवी समोरचा अर्धं बोलतो आणि ऐकणारा उरलेलं मनात भरून घेतो, आणि त्यावरच तर सगळ्यांचे संसार चालतात. तिनं ते भरायचं नाही. 'ते आता आपल्यात नाहीत' म्हटलं की 'मग कुठे आहेत?' असं विचारायचं. 'आम्ही प्रयत्नांची शर्थ केली' म्हटलं की 'उपकार झाले हो' म्हणून हात जोडायचे. 'घरी न्या, हवं ते खाऊ द्या' म्हटलं की चेहरा खुलवायचा. आणि काहीच सुचलं नाही तर हुकमी एक्का होताच: 'म्हणजे काय?' त्यापुढे भलेभले घामाघूम व्हायचे. समोरचा सरळ शब्दांत सांगेपर्यंत ढिम्म बसायचं. टेबलावरचा पाण्याचा ग्लास नेहमी नातेवाइकाच्या बाजूला, कारण बातमी ऐकणार तो. बिनडोकपणाचा पगार घेते मी, असं ती घरी सांगायची.

घरी सांगायची म्हणजे नवऱ्याला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. तरुणपणी त्याच हौशी नाटकांच्या मंडळात दिवे लावायला यायचा, तेव्हापासूनचं दोघांचं अरेतुरे. संध्याकाळी तो दार उघडायचा आणि विचारायचा, "काय, आज कोण गेलं?"

"तूच. अपघातात."

"परत मीच? अगं, सासूला पाठव की एखाद्या दिवशी."

आठवडाभर मोटारींची घरघर ऐकून त्याचे कान किटलेले असायचे, म्हणून रविवारी टीव्हीसुद्धा बंद. 'कानांना सुट्टी,' तो म्हणायचा. त्याची घरात एकच अट होती. ते 'म्हणजे काय' दाराबाहेर ठेवून यायचं. सुरुवातीला एकदा 'बरा आहे' म्हणाला तेव्हा तिनं सवयीनं 'म्हणजे काय?' विचारलं होतं, तर त्यानं कोपरापासून हात जोडले होते. "बाई गं, मला तरी पास कर." तिनं ती अट आजवर पाळली होती.

हल्ली तो कोण गेलं ते विचारत नव्हता. थट्टा जुनी झाली असेल, असं तिला वाटलं होतं.

"काकू," समोरच्या मुलीनं एकदाचा श्वास घेतला, "तुमच्या मिस्टरांना कॅन्सर आहे. फुप्फुसाचा. तो पसरलाय."

बरी होती की पोरगी. तिनं मनातल्या मनात तिला शाबासकी दिली आणि पर्सचा पट्टा घट्ट धरला. सकाळी मॅडमनी तिला तिच्या बाजूची गोष्ट सांगितली होती: तू घरी शिवणकाम करतेस, नवरा बँकेत कारकून, खोकला हटत नव्हता म्हणून तपासण्या केल्या. विद्यार्थ्याला त्याच्या बाजूची गोष्ट मॅडम वेगळी सांगत. एकाला काय ठाऊक आहे ते दुसऱ्याला कळू द्यायचं नाही, ही इथली पद्धत. गोष्टी मॅडमच रचायच्या, खऱ्या रुग्णांवरून, धंदा, वय, आजार बदलून. थोडं खरं आत राहिलं तरच मुलं घाबरतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

"कधी कळलं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"बरेच दिवस झाले."

"आणि मला आज सांगताय?"

"त्यांनीच सांगू नका म्हटलं होतं."

"का?"

मुलीनं डोळे मिटून आठवलं. पाठ केलेलं नीट यावं म्हणून ती सावकाश बोलली. "ते म्हणाले, तिला नका सांगू. ती दिवसभर हेच ऐकून घरी येते. घरी तरी तिच्या कानांना सुट्टी असू दे."

पुढचा प्रश्न तिच्या जिभेवर होता. तो तिथंच राहिला. शिवणकाम करणारी बाई घरीच असते. ती कुठून घरी येते? आणि दिवसभर ऐकते ते मशीन. त्यापासून कसली सुट्टी?

"काय ऐकते मी दिवसभर?" तिनं विचारलं.

मुलगी गडबडली. "ते... मला एवढंच सांगितलंय, काकू." आणि तिनं मान वळवून मॅडमकडे पाहिलं.

तिनंही पाहिलं. मॅडम भिंतीपासून सुटून उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

"इथं थांबू या," मॅडम म्हणाल्या. "छान बोललीस. सगळे जरा बाहेर थांबा."

मुलं कुजबुजत निघाली. जाता जाता उंच मुलगी वाकून म्हणाली, "काकू, शेवटी गप्प झालात ना, काटा आला अंगावर. कसं जमतं तुम्हाला?"

"सवय," ती म्हणाली.

दार लागलं. मुलांसमोर त्या मॅडम असत, पण दार लागलं की दोघींचं तू-मी चाले. याच टेबलावर दोघी डबा खायच्या. काल मॅडमनी तिच्या डब्यातली अर्धी भाजी फस्त केली होती आणि वर बोटं चाटली होती.

"अगं, माझं ऐक..."

"बसा, मॅडम."

"तू मला मॅडम काय म्हणतेस?"

"बसा ना."

बसायला डॉक्टरची खुर्ची तेवढी रिकामी होती. मॅडम तिच्यात बसल्या.

"तो तुमच्याकडे आला होता?"

"पोट दुखत होतं त्याचं. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून परस्पर आला. मग तपासण्या केल्या. त्यात जरा... एक वाढ दिसली."

"म्हणजे काय?"

मॅडमनी चमकून वर पाहिलं. हा प्रश्न त्यांनीच तिला याच खोलीत शिकवला होता.

"स्वादुपिंडाला आहे. थोडं पुढे गेलंय."

"म्हणजे काय?"

"आपण बघतोय ना काय काय करता येतं ते. त्याला त्रास कमी व्हावा म्हणून..."

"मॅडम, म्हणजे काय?"

"कॅन्सर आहे." मॅडमचा आवाज विद्यार्थिनीसारखा बारीक झाला. "लिव्हरमध्ये पसरलाय. ऑपरेशन होण्यासारखं नाही. तो मरणार आहे."

हे वाक्य ऐकून ती आजवर ढसाढसा रडत आली होती. डोळ्यांत पाणी आणायची तिची हातोटी मुलांमध्ये प्रसिद्ध होती. आता एक टिपूस आलं नाही. मॅडमनी बोटं चाटली होती, तेवढंच तिला दिसत होतं.

"आमच्या लेकीला माहीत आहे?"

मॅडमनी मान खाली घातली. ते उत्तर तिला 'म्हणजे काय' न विचारताच समजलं.

लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती. हल्ली रोज फोन करायची. पूर्वी आठवड्यातून एकदा करतानाही तिच्या जिवावर यायचं. परवाच म्हणाली होती, "आई, बाबांना हवं ते खाऊ दे गं. किती अडवतेस?" आणि ती लेकीवर उखडली होती. त्याची साखर किती, त्याचं वय काय, लाडावून ठेवलंय नुसतं बापाला. घरी न्या, हवं ते खाऊ द्या. या एका वाक्यासाठी तिनं इथं किती पोरांना घाम फोडला होता, आणि पोटच्या पोरीनं तेच म्हटलं तेव्हा तिला काही म्हणता काही कळलं नव्हतं. बिनडोकपणाचा इथं निदान पगार तरी मिळायचा.

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना," ती म्हणाली.

"त्यानं माझ्याकडून शब्द घेतला होता. मी तरी काय करणार?"

"आणि ते वाक्य? ते चुकून राहिलं, की मुद्दाम ठेवलंत?"

"ते माझ्या मनातून जात नव्हतं," मॅडम म्हणाल्या.

"चुकून, की मुद्दाम? एवढं तरी सरळ सांगा."

मॅडमनी टेबलावरचा ग्लास तिच्या आणखी जवळ सरकवला. "पाणी पी थोडं."

ती उठली. रोजच्यासारखं ग्लासातलं पाणी खिडकीतल्या कुंडीत ओतलं, ग्लास पालथा घातला आणि पर्स उचलून बाहेर पडली. व्हरांड्यात मुलं उभी होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

बसमध्ये जागा असूनही ती उभी राहिली. तो मरणार आहे, हे अजून तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. त्याच्या आधी दुसरंच येऊन छातीवर बसलं होतं. सगळ्यांनी मिळून आपल्याला बाहेर ठेवलं. माझा नवरा आणि मलाच बाहेर. नवरा, लेक, मैत्रीण एकमेकांशी फोनवर बोलले असतील, ती आली की विषय बदलायचं ठरवलं असेल, तिला कळलं तर नाही ना म्हणून हळूच चाचपलं असेल. तिच्या कानांची एवढी काळजी होती सगळ्यांना. तिला संताप आला, आणि संताप आला हेही बरं वाटलं, कारण तो उतरल्यावर काय येणार ते तिला दिसत होतं.

दार त्यानंच उघडलं. "आलीस? चहा टाकू?"

त्याच्या शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. हा शर्ट रोज तीच इस्त्री करत होती. टेबलावर बिस्किटांचा डबा उघडा होता. तिची नजर तिकडे गेलेली पाहून त्यानं घाईनं झाकण लावलं.

"एकच घेतलं," तो म्हणाला. "आईशप्पथ."

"घे की अजून."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं जुना प्रश्न काढला. "काय, आज कोण गेलं?"

"अजून कोणी नाही."

तो सवयीनं हसला. हसू अर्ध्यावर आल्यावर त्याला ऐकलेलं कळलं.

तिनं दार लावलं. टीव्ही बंद केला. फोन बंद करून खणात टाकला. त्याला टेबलाशी बसवलं आणि एक खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली, ना फार जवळ ना फार लांब. तो हे सगळं पाहत होता. वाईट बातमी सांगण्याआधीची ही एकेक पायरी तिनं त्याला नकला करून दाखवली होती आणि तो पोट धरून हसला होता. आता तो बोटांनी शर्टाचं बटण चाचपत होता.

"काय गं, आता घरी पण सराव?"

"पोट कसंय?"

"बरंय की." त्यानं खिडकीकडे पाहिलं. "जरा पित्त झालंय, एवढंच."

ती उठून आत गेली, ग्लास भरून घेऊन आली आणि टेबलावर ठेवला. आपल्यासाठीच आणला असं वाटून त्यानं हात पुढे केला. तिनं ग्लास आपल्या बाजूला ओढून घेतला.

"म्हणजे काय?" तिनं विचारलं.