दादाची रजा

दवाखान्याची नवी इमारत आठ मजल्यांची व्हायची होती, आणि ती कधी पूर्ण होणार हे सांगण्याचा पगार तिला मिळत होता. वीट तिने कधी उचलली नाही, नकाशा कधी काढला नाही. तिचं काम म्हणजे कॉम्प्युटरसमोर बसून इमारतीची असतील नसतील तेवढी कामं एकाखाली एक मांडायची, प्रत्येकाला किती दिवस लागतील ते लिहायचं आणि कुठलं काम कुठल्या कामासाठी अडून आहे ते रेघांनी जोडायचं. पाया झाल्याशिवाय खांब नाही, खांब झाल्याशिवाय भिंत नाही, भिंत लागल्याशिवाय खिडकी नाही. एवढं सांगितलं की पुढचा हिशेब सॉफ्टवेअर करतं आणि पडद्याच्या तळाशी एक तारीख काढून देतं. ती तारीख म्हणजे उद्घाटन. साइटवर सगळे तिला प्लॅनरबाई म्हणत, आणि या बाईला बसल्या जागी काही काम नाही अशी सगळ्यांची मनोमन खात्री होती.

आता या सॉफ्टवेअरची एक गंमत असते. त्यात काही कामांना सवड असते. कुंपणाला रंग आठ दिवस उशिरा लागला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही, उद्घाटन जागच्या जागी राहतं. पण काही कामांना सवड नसते. ती एकमेकांना अशी चिकटून उभी असतात की त्यातलं एक थांबलं की तळाची तारीख तेवढीच पुढे सरकते. ही कामं पडद्यावर लाल दिसतात, आणि तिच्यासारख्या माणसांचं निम्मं आयुष्य त्या लाल पट्ट्यांकडे बघण्यात जातं. क्रेनची कामं झाडून सगळी लाल होती. कारखान्यातून तयार होऊन येणाऱ्या काँक्रीटच्या भिंती उचलून वर न्यायच्या त्या क्रेननेच, आणि क्रेन चालवायचा दादा.

दादा म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ. कोण कुठलं काम करणार हे फाइलमध्ये भरताना तिने बाकीच्यांची रीतसर नोंद केली होती, गवंडी टोळी एक, वायरमन टोळी दोन, असं. त्याच्यापाशी आल्यावर हाताला लागलेलं वळण, तिने नुसतं ‘दादा’ लिहिलं. पुढच्या बैठकीत ते भल्यामोठ्या पडद्यावर सगळ्यांसमोर झळकलं. दवाखान्याच्या माणसांनी विचारलं, हे दादा कोण? साइटचं सगळं बघणाऱ्या साहेबांनी चेहरा जराही न हलवता सांगितलं, “आमच्याकडचा सगळ्यात महत्त्वाचा माणूस.” त्या दिवसापासून अख्खी साइट त्याला दादा म्हणू लागली. मुकादम त्याच्यापेक्षा चांगले दहा वर्षांनी मोठे, तेही.

एका रविवारी दुपारी जेवून दादा जरा पडला आणि उठलाच नाही. झोपेत हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. आजार नाही, तक्रार नाही, कुणाला हाक मारणं नाही.

ती कामावर परत आली तेव्हा तिला काहीही वाटत नव्हतं. रडू येत नव्हतं. भूक वेळेवर लागत होती, झोप गाढ लागत होती, आणि याची तिला थोडी लाज वाटायची, पण तीही वरवरच. दात काढायच्या आधी सुई देतात आणि मग आपलाच गाल दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा वाटतो, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. तिने फाइल उघडली. पुढच्या कित्येक महिन्यांच्या लाल पट्ट्यांसमोर ‘दादा’ लिहिलेलं होतं.

तिथे काय करायचं हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. नाव काढायचं, दुसरं घालायचं. तिने ते निवडलंही. सॉफ्टवेअरने विचारलं, हे नाव अनेक कामांवर आहे, नक्की काढायचं का? सॉफ्टवेअरला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची खोड असतेच. तिने ‘नाही’ म्हटलं. मग त्याच्या नावाचं कॅलेंडर उघडलं आणि एक आठवड्याची रजा टाकली.

दुसऱ्या सोमवारी तिने रजा वाढवली. तिसऱ्या सोमवारीही. आपण काय करतोय हे तिला कळत नव्हतं असं नाही. स्वच्छ कळत होतं. फक्त ते दुसरं कुणीतरी करत असल्यासारखं वाटत होतं.

सॉफ्टवेअर बिचारं आज्ञाधारक. माणूस रजेवर तर त्याची कामं थांबणार, आणि ती कामं बिनसवडीची. तेव्हा दर सोमवारी सगळे लाल पट्टे आठवडाभर पुढे सरकायचे आणि त्यांच्या मागोमाग खिडक्या, वायरी, रंग, लिफ्ट, खाटा, शेवटी उद्घाटन, सगळी वरात पुढे सरकायची. पट्ट्यांच्या खाली फिकट राखाडी रंगात मूळ आराखडा दिसायचा, पहिल्या दिवशी गोठवून ठेवलेला. लाल आणि राखाडी यांच्यामधलं अंतर वाढत चाललं होतं. तिला ते अंतर बघत बसायला आवडायचं. आवडायचं हा शब्द जरा जास्त होतो, पण दिवसभरात तेवढी एकच गोष्ट तिला बघावीशी वाटत होती.

बाहेर मात्र क्रेन एकही दिवस उभी नव्हती. ती उभी ठेवून भागतं थोडंच? मुकादमांनी दादा गेल्यावर सोमवारी सकाळीच दुसऱ्या साइटवरून एक माणूस मागवला होता. काटक, अबोल, वेळेवर येणारा. हात साफ होता त्याचा. तो वाईट असता तर तिला सोपं गेलं असतं.

दर शनिवारी मुकादम तिच्या पत्र्याच्या खोलीत येऊन कुठलं काम कुठवर आलं ते सांगत. या बाबतीत त्यांची ख्याती होती. कुठलंही काम दोन दिवसांत नव्वद टक्के होई आणि मग महिनाभर नव्वद टक्केच राही. पण भिंतींच्या बाबतीत ते थेट बोलायचे.

“चौथ्या मजल्याच्या सगळ्या लागल्या. पाचव्याची सुरुवात झाली.”

ती वहीच्या पानावर तारखा लिहून घ्यायची.

“कॉम्प्युटरवर चढवलंत ना?”

“चढवते.”

मुकादम तिच्याकडे बघायचे, टोपी हातात फिरवायचे आणि निघून जायचे. बाकी सगळं ती त्याच दिवशी चढवायची. भिंती तेवढ्या वहीत राहायच्या.

अशा तऱ्हेने खरी इमारत वर चढत होती आणि फाइलमधली इमारत दुसऱ्या मजल्याखाली दादाची वाट बघत थांबली होती. जगात तेवढी एकच जागा होती जिथे दादावाचून काही अडलं होतं.

ही गोष्ट किती दिवस झाकून राहणार? अहवाल दवाखान्याकडे जायचा. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी साहेबांना फोन केला. साहेब तिच्या खोलीत आले. एरवी त्यांचा आवाज साइटच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा, पण दादा गेल्यापासून ते तिच्याशी आजाऱ्याच्या खाटेशी बोलावं तसे बोलत.

“बाई, आपण उशिरात आहोत का?”

“फाइल म्हणते, आहोत.”

“फाइल म्हणते खरं. पण मी आत्ता पाचव्या मजल्यावरून येतोय. भिंतीला हात लावून आलोय.”

त्यांनी खुर्ची ओढली आणि पडद्याकडे बघितलं. वाचायला त्यांना वेळ लागत नसे. ‘दादा’ आणि त्यापुढे रजा, रजा, रजा.

“परवा शुक्रवारी दवाखान्याची माणसं येतायत,” ते म्हणाले. “जुन्या इमारतीतले पेशंट कधी हलवायचे ते त्यांना ठरवायचंय. आपण तेव्हा जी तारीख सांगू तिच्यावर ते सगळं लावणार. उशीर असेल तर उशीर सांगू, मी ऐकून घेईन त्यांचं. पण जे असेल ते खरं पाहिजे.”

“हो.”

“दुसऱ्या कुणाला भरायला सांगू का?”

“नको. मी भरते.”

ते उठले. दारात थांबले. काहीतरी बरं बोलून जावं असं त्यांना वाटलं असणार. “मन घट्ट करा. कुणावाचून कुणाचं अडत नाही हो. जगरहाटी आहे.”

सांत्वनासाठी याहून वाईट वाक्य शोधून सापडणार नाही, आणि नेमकं तेच सगळ्यांना तोंडपाठ असतं. तिने नुसती मान हलवली.

घरी ती आणि वहिनी, दोघीच. आधी तिघं होती. भेटायला येणारी माणसं वहिनीजवळ बसायची, वहिनीचा हात हातात घ्यायची. ती आत चहा करायची. जाताना तीच माणसं दाराशी तिला बाजूला घेऊन म्हणायची, “वहिनीला जप हो. तिचं तर सगळंच गेलं.” ती म्हणायची, जपते. बहिणीचं काय गेलं हे विचारायची कुठे पद्धतच नसते, त्यामुळे कुणाला दोष देण्यात अर्थ नव्हता.

त्या संध्याकाळी वहिनी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. तिने समोर बसून दुसरं टोक धरलं आणि चादरीची घडी घालता घालता सांगून टाकलं, की मी दादाला अजून फाइलमधून काढलेलं नाही, रजेवर टाकलंय.

वहिनीचे हात थांबले.

“रजेवर? ह्यांना?”

“हं.”

“अगं, त्यांनी जन्मात कधी रजा घेतली होती का? लग्नात दोन दिवस घेतली, तर दुसऱ्या दिवशी विचारतात, जाऊन बघून येऊ का क्रेन.” वहिनी हसली. हसता हसताच तिचे डोळे भरले आणि ते तिने चादरीच्या कोपऱ्याला पुसले. वहिनीला हे सगळं येत होतं, हसणं, रडणं, एकातून दुसऱ्यात जाणं. तिला वहिनीचा हेवा वाटला. बऱ्याच दिवसांत काहीतरी वाटलं ते एवढंच.

“मला लाज वाटते वहिनी. मला रडूच येत नाहीये.”

“माहितीये मला.”

“आणि त्याचं नाव काढलं की…” पुढचं तिला सांगता येईना. सांगायचं होतं ते असं, की नाव काढलं आणि सगळं कोलमडलं तर ठीक आहे. उद्घाटन वर्षभर पुढे गेलं, लोक चिडले, मला कामावरून काढलं, तरी ठीक आहे.

“मला सगळे विचारतात, कशी आहेस,” वहिनी म्हणाली. “तुला कुणी विचारलं का गं?”

तिने नाही म्हणून मान हलवली.

वहिनीने चादर बाजूला ठेवली. “काढ त्यांना तिथून. कंटाळले असतील रिकामे बसून.”

शुक्रवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी खोलीत येऊन बसली. आधी कॅलेंडर उघडून एक एक आठवडा मागे घेतला. मग नाव. सॉफ्टवेअरने विचारलं, नक्की काढायचं का? तिने ‘हो’ म्हटलं. नवं नाव काय घालायचं म्हणून चौकट रिकामी उघडली. नव्या माणसाचं नाव तिने कधी विचारलं नव्हतं. तिने ‘क्रेनचालक’ लिहिलं.

मग वही उघडून एक एक भिंत चढवायला घेतली. सुरू कधी झाली, संपली कधी. दुसरा मजला, तिसरा, चौथा, पाचव्याचा झाला होता तेवढा. मुकादमांनी भिंतींपुरतं नव्वद टक्क्यांचं नाटक केलंच नव्हतं, प्रत्येक तारीख जिथल्या तिथे होती. बोटं आपली आपण चालत होती. सगळं भरून झाल्यावर तिने हिशेबाचं बटण दाबलं.

लाल पट्टे हलले. सगळ्यात वरचा मागे सरकला, त्याच्या खालचा सरकला, आणि मग ती अख्खी वरात, खिडक्या, वायरी, रंग, लिफ्ट, खाटा, डावीकडे मागे मागे येत गेली आणि खालच्या राखाडी पट्ट्यांवर जाऊन बसली. कडेला कड लागली. राखाडी रंग कुठेच दिसेना. तिने तळाची तारीख बघितली. पहिल्या दिवशी ठरलेली, दादा असताना ठरलेली, तीच.

तिने एकदा पुन्हा बटण दाबलं. कुठेतरी एखादी रेघ सुटली असेल, कुठेतरी काही राहिलं असेल. तारीख तीच आली.

आधी तिच्या घशातून आवाज निघाला आणि तो आपला आहे हे तिला उशिरा कळलं. मग ती टेबलावर डोकं टेकवून रडायला लागली, मोठ्याने, पत्र्याच्या खोलीत घुमेल असं. दादा गेल्याला कितीतरी रविवार उलटले होते आणि ती आज रडत होती.

साहेब दवाखान्याच्या माणसांना घेऊन येतच होते. आवाज ऐकून त्यांनी त्यांना बाहेरच थांबवलं आणि एकटेच आत आले. तिला तसं बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी दार लोटून घेतलं.

“बरीच पुढे गेली का?” ते हळू आवाजात म्हणाले. “महिना? दोन महिने? असू दे, रडू नका. मी बोलतो त्यांच्याशी. सांगा, किती दिवस?”

तिने डोकं वर उचललं. बोलता येईपर्यंत थोडा वेळ गेला.

“एकही नाही साहेब,” ती म्हणाली. “एकही दिवस नाही.”