कोथिंबिरीभोवतीचं पत्रक

"लय गुळगुळीत काढलाय कागद. कोथिंबीर ऱ्हाईना त्यात," चतुराबाई माझ्या कानाशी पुटपुटली. "भाऊंचा बरा व्हता. रुंद, आन् जरा खरखरीत."

आता हिला काय सांगावं, की पत्रकं वाचायला असतात. पण गिऱ्हाइकाला शेवंती बांधून देताना माझ्याही मनात तेच आलं होतं, म्हणून गप्प बसले.

महापालिकेची निवडणूक तोंडावर आली होती. आमचं गाव शहरात गेलं तेव्हापासून आम्हाला नगरसेवक एकच, भाऊ. शनिवारचा बाजार त्यांनीच सुरू केला, म्हणून कोण कुठं बसणार तेही त्यांच्याच हातात. त्यांचा माणूस महेश पहाटे चुन्याच्या फक्कीनं रेघा ओढतो. मर्जीतला रस्त्याकडेला, मर्जीतून उतरला की मागं नाल्याच्या तोंडाशी, जिथं गिऱ्हाईक चुकूनही फिरकत नाही. चतुराबाईची जागा पिंपळाखाली, अगदी रस्त्याला लागून. नवरा अंथरुणाला खिळलेला, शेत म्हणाल तर उरलेत चार वाफे. त्या जागेवरच तिची चूल पेटते.

यंदा भाऊंच्या विरोधात योगिनी उभी राहिली. आमच्यातलीच, मेथीवाल्या कलाबाईची लेक. तिच्या पत्रकात पहिलाच मुद्दा बाजारातल्या बायकांसाठी मुतारीचा. भाऊंच्या पत्रकातही तो दर वेळी असतो, शेवटून दुसरा. बाजाराच्या दिवशी आम्ही बायका घरी जाईपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही, हे कुणालाही विचारा. विचारत मात्र कुणी नाही.

पत्रकं वाटायचं काम मी अंगावर घेतलं. झेंडूच्या पाटीखाली गठ्ठा ठेवला आणि एकेकीच्या हातात हळूच सारलं. घेतलं सगळ्यांनी, बोललं कुणी नाही. एकीनं पोत्याखाली दाबलं, एकीनं "पोराला दावते" म्हणत कमरेला खोचलं. आमच्याकडे जावयाचा पगार खुशाल विचारतात, मत कुणी विचारत नाही.

चतुराबाईनं मात्र मूठभर पत्रकं घेतली नि सरळ कामाला लावली. भाजी घेतली की वरून कोथिंबिरीच्या चार काड्या नि दोन मिरच्या द्यायच्या, ही बाजाराची रीत. ती त्या पत्रकात गुंडाळून द्यायची, योगिनीचा फोटो वरच्या अंगाला. मला वाटलं, पडत असेल आपोआप. मग पाहिलं तर एकदा फोटो आत गेला, तेव्हा बाईनं पुडी सोडून पुन्हा बांधली.

ऊन वर आल्यावर महेश आला. त्याची वांगी ठरलेली, कोवळी निवडून बाजूला काढलेली. चतुराबाईनं ती पिशवीत घातली आणि हाताच्या सवयीनं वरून पुडीही दिली. आम्हा दोघींच्या लक्षात आलं तोवर ती त्याच्या मुठीत गेली होती, नि योगिनी त्याच्याकडे बघून हसत होती.

त्यानं पुडी सोडली. कोथिंबीर खाली पडली. कागद मांडीवर सरळ करून त्यानं सगळा वाचला, मुतारीसकट.

आवाज चढवला असता तर बरं होतं. पण तो उकिडवा बसून मावशी-मावशी करत सांगू लागला, की भाऊंना कळलं तर वाईट वाटेल. शिवाय पुढच्या शनिवारपासून जागांचं नव्यानं बघायचंच आहे, आणि नाल्याकडं सावली बरी असते.

शेजारची बायडाबाई घाईघाईनं म्हणाली, कागदच तो, टाकून गेलं असेल कुणीतरी. पलीकडच्या लसूणवाल्या पुंजानं मान डोलावली. मला राहवेना. गठ्ठा पाटीखालून काढला आणि म्हटलं, पत्रकं माझी आहेत, मी वाटते, त्यात चोरी कसली? इथवर ठीक होतं. पण चतुराबाईची जागा वाचावी म्हणून पुढं जोडलं, की तिला वाचता येत नाही, तिला काय कळतंय त्यातलं.

महेशला ते पटलं. अडाणी बाईमाणूस, असं काहीतरी हसत हसत म्हणत तो उठू लागला.

"बस खाली," चतुराबाई म्हणाली.

तो बसला. का बसला ते त्यालाही कळलं नसेल. लहानपणी आईबरोबर यायचा तेव्हा हिनंच त्याच्या हातात गाजर देऊन त्याला असं बसवलेलं.

आधी तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मला कुठं बघावं ते कळेना. मग पडलेल्या काड्या गोळा केल्या, माझ्या गठ्ठ्यातलं नवं पत्रक ओढलं, पुडी बांधली नि त्याच्या पिशवीत टाकली.

"वाचता नाय येत, पर माणूस वळखू येतं. कलाबाईची पोर हाय ती. माझं मत तिला हाय. जागा न्यायची तर ने नाल्याकडं."

महेश पिशवी धरून तसाच. म्हणाला, "मावशी, आजवर भाऊंनाच दिलंत ना तुम्ही सगळ्यांनी? प्रेमानंच दिलंत ना?"

बायडाबाई पुसलेलीच वांगी पुन्हा पुसू लागली. पुंजा तराजूत तोंड घालून बसला.

"प्रेम कशाचं रे," चतुराबाई म्हणाली, गवारीचा भाव सांगावा तशी. "भ्यायचो आमी. समदीच भ्यायचो. म्हून देत व्हतो."