गादी आणि कठड्याच्या मधली मी

दचकू नका, इथे खाली, डाव्या बाजूला आहे मी. झालर जरा बाजूला सारलीत की माझ्यातून खालच्या लाकडी पट्ट्या दिसतील. त्या दिसल्या म्हणजे मीच दिसले असं समजा. मी एक फट आहे. बाळाच्या पलंगाचा कठडा आणि त्यातली गादी यांच्या मधली.

खुर्ची, छत्री असं कोणी आपली हकिगत सांगायला लागलं की लोक कौतुकाने ऐकतात. फटीचं कोण ऐकणार? मला वजन नाही, रंग नाही. मला कोणी घडवलं नाही, कोणी विकत आणलं नाही. तरी एका रविवारी सकाळी साडेअकराला या खोलीत माझा जन्म झाला आणि घरात कोणाला कळलंही नाही.

माझे आईवडील दोन वेगळ्या देशांतले. पलंग आत्याने पाठवला, सुटे भाग खोक्यात भरून. आत्या राहते तिथे सगळं इंचात मोजतात. तिथला बाळाचा पलंग आतून अठ्ठावीस इंच रुंद आणि बावन्न इंचांहून जरासा लांब. खोक्यावर लिहिलं होतं, स्टँडर्ड साइझ. गादी इथली, सेंटीमीटरवाल्या देशातली. साठ बाय एकशेवीस. तिच्या प्लास्टिकवरही लिहिलं होतं, स्टँडर्ड साइझ. दोघंही खरं बोलत होते. दोन खऱ्यांच्या मध्ये अकरा सेंटीमीटर उरले, ती मी.

पलंगाचे स्क्रू पिळता पिळता बाबा दुकानातला किस्सा आजीला सांगत होते.

"तो गादीवाला म्हणतो, 'साहेब, मोठ्यांचं विचारूच नका. किंग साइझ म्हणजे एका देशात पाच फूट रुंद, दुसऱ्यात सहा फूट चार इंच. राजा कुठे झोपतो त्यावर त्याचा पसारा! पण बाळाची गादी सगळीकडे सारखीच. बाळं काय हो, इथून तिथून सारखीच.'"

"मी म्हटलं होतं मोजून बघू," आई दारातून म्हणाली.

"हो, आणि मग बाळालाही टेप लावू."

आई दारातूनच परत फिरली. ती एका आर्किटेक्टच्या ऑफिसचे नकाशे घरून तपासायची. मोजणं हेच तिचं काम. पण बाळाच्या बाबतीत आपण जरा जास्तच करतो, हे तिला आता स्वतःलाच पटलं होतं. ती बाटली दोनदा उकळायची. गॅसचं बटण तीनदा बघायची. बाळ गाढ झोपलं की त्याच्या नाकाखाली बोट धरायची आणि मग आपल्यावरच हसायची. "मला डिग्री इमारतींची मिळालीय," ती म्हणायची, "बाळाचा कोर्स राहूनच गेला."

गादी ठेवली तेव्हा लांबीलाही जागा उरली. बाबा म्हणाले, "बाळ वाढेल ना, म्हणून सोडलेली असणार." आजीने तिथे दुलईची घडी कोंबली. गादी बरोबर मधोमध बसवली. कठड्याला आतून कापसाने भरलेली झालर बांधली, तीही आत्यानेच पाठवलेली. दोन्ही बाजूंना मी अर्धी अर्धी झाले आणि झालरीखाली नाहीशी झाले. खोली फार सुंदर दिसत होती. आजीने तर दृष्टही काढली असती, इतकी.

मग या पलंगात झोपायला मुंगी आली. जन्मली तेव्हा अडीच किलोसुद्धा भरली नव्हती, म्हणून मुंगी.

माझं पहिलं खाणं म्हणजे एक मोजा. मग दुसरा, पण दुसऱ्याच जोडीतला. मग थर्मामीटरचं टोपण, आईची केसांची क्लिप, रबरी जिराफ. घरभर शोधाशोध व्हायची. "या घरात वस्तू जातात कुठे?" बाबा वैतागायचे. एक गोष्ट मात्र माझ्या बाजूने सांगते, मी कधी काही ओढलं नाही. मला हात नाहीत. मी फक्त असते, आणि जे माझ्यापाशी येतं ते खाली जातं.

मला खरी ओळखली ती मुंगीने. पाचव्या महिन्यात ती पाय झाडायला लागली. डावी टाच गादीत रोवायची आणि जोर लावायची. गादी हलकी, खालच्या पट्ट्या गुळगुळीत. दर लाथेला गादी केसभर उजवीकडे सरकायची. दुपारची झोप संपेपर्यंत उजवीकडची मी मिटलेली असायची आणि डावीकडे अख्खी उघडलेली. मग मुंगी मान वळवून माझ्याकडे बघायची. अगदी टक लावून. खालून पट्ट्यांमधून गार हवा यायची, तिच्या कपाळावरची दोन जावळं हलायची आणि ती हसायची. माझ्याशी बोलायची. कधी हात आत घालायची आणि मूठ उघडमीट करायची, जणू आतून कोणी काही देणार आहे.

सहाव्या महिन्यात तिला पालथं पडता येऊ लागलं. डावीकडूनच.

आईने मला पहिल्यांदा पाहिलं ते फोन आणायला खोलीत आली तेव्हा. झालर कलली होती आणि मी तिच्यासमोर उघडी होते. तिने मूठ आत घातली. मूठ गेली. मनगट गेलं. तिच्या अंगावर आलेला काटा मला कठड्यापर्यंत जाणवला.

"अरे, इकडे ये ना! लवकर!" ती बाबांना बोलवायला बाहेर धावली.

तेवढ्यात आजी बाटली घेऊन आत आली. मुंगी चुळबुळत होती, तिला उचललं. दोघंजण आले तेव्हा खोली नीटनेटकी होती. चादर ताठ, झालर फुगीर.

"कुठंय?"

"आत्ता होती."

"काय होती?"

"फट. माझी मूठ गेली आत."

बाबांनी बोटं घालून पाहिली. तीन गेली. "एवढी तर असणारच. चादर खोचायला नको का?"

"पहिल्या खेपेला असं होतं गं," आजी म्हणाली. "हा झाला तेव्हा मला छताला तडे दिसायचे."

"तडे होतेच," बाबा म्हणाले. "नंतर मीच बुजवले."

सगळे हसले. आईही हसली, सगळ्यांत शेवटी.

असं दोनदा झालं. आईने पाहावं, कोणाला तरी बोलवावं आणि मी नसावं. तिसऱ्या वेळी तिने कोणाला बोलावलंच नाही. पलंगाशेजारी बसून स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. संध्याकाळी गादी पुन्हा मधोमध दिसली तेव्हा तिने नकाशांची शिसपेन्सिल आणली आणि उशाकडच्या फळीवर, गादीच्या कडेला लागून, एक बारीक रेघ मारली. शेजारी तारीख. गादी हलली तर रेघ सांगेल.

रोज संध्याकाळी पलंग आवरताना ती वाकून बघायची. गादी बरोबर रेघेवर. दुसऱ्या दिवशी रेघेवर. आठ दिवस रेघेवर. नवव्या दिवशी ती स्वतःशीच म्हणाली, "झोप घे बाई जरा, डोकं फिरलंय तुझं," आणि तिने बघणं सोडलं.

मला ठाऊक होतं. मी सांगू शकत नव्हते.

मुंगीला झोपेतून उचलायची ती नेहमी आजी, कारण तेव्हा आई पलीकडच्या खोलीत कामाला बसलेली असायची. आजीला वाकडं काही खपत नाही. वाकडी चप्पल, वाकडा पडदा, वाकडं टेबलक्लॉथ, तिचा हात जातोच. मुंगीला कडेवर घेतलं की आजीचा मोकळा हात गादीला एक धक्का द्यायचा, मग चादरीवरून फिरायचा, आणि मी दुभंगून दोन्हीकडे विरून जायची. आजीला स्वतःलाही याचा पत्ता नव्हता. रोज, न चुकता, इतक्या मायेने मला लपवणारं दुसरं कोणी नव्हतं.

मग तो मंगळवार आला. आजीला डोळे तपासायला न्यायचं होतं. सकाळच्या झोपेतून मुंगीला बाबांनी उचललं. बाबांना वाकडं दिसत नाही. गादी तशीच उजवीकडे राहिली, झालर माझ्यावर पडलेली. अकराच्या सुमाराला बाबा आजीला घेऊन निघून गेले.

दीड वाजता आईने मुंगीला आणून ठेवलं. बाळ झोपवताना आया बाळाच्या डोळ्यांकडे बघतात, गादीकडे नाही. ती पावलं न वाजवता बाहेर गेली. दार किलकिलं ठेवलं.

मुंगी झोपलीच नव्हती. तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे मान वळवली. टाच रोवली. पालथी झाली. हात आत आला, नेहमीसारखा, मूठ उघडमीट करत. मग खांदा आला. मग तिचं डोकं गादीच्या कडेवरून घसरलं आणि गाल झालरीत रुतला. तिचा श्वास माझ्यात येऊ लागला, ओला, गरम. मला कधी गरम असं काही मिळालं नव्हतं. तिने एकदा हुंकार दिला. तो कापसात गेला. तिथून पुढे गेला नाही.

माझ्या दोन्ही भिंती दुसऱ्यांच्या. मला मिटता येत नाही.

पलीकडे आईचा फोन वाजला. साइटवरचा मिस्त्री होता. तिने फोन स्पीकरवर टाकला, कारण दोन्ही हातांत नकाशा होता.

"मॅडम, बाथरूमचं दार बसत नाहीये."

"का? दार स्टँडर्ड मापाचंच मागवलंय की."

"दार स्टँडर्डच आहे. चौकट पण स्टँडर्ड. पण चौकट त्या बाहेरच्या देशातली ना, आणि दार इथलं. एका कडेला अख्खा पंजा जातोय. म्हणजे चूक कोणाचीच नाही बघा मॅडम, दोघंही बरोबर. पण मधे जे राहतं त्याचं काय करू?"

नकाशाचा कागद सळसळत खाली गेला.

"हॅलो? मॅडम?"

खुर्ची पडल्याचा आवाज आला. मग अनवाणी पावलं. दार भिंतीवर आपटलं. आईने झालर नाड्यांसकट उपटली आणि मुंगीला दोन्ही हातांनी माझ्यातून वर काढलं.

मुंगी गप्प होती. पलीकडे मिस्त्री हॅलो हॅलो करत होता. आईने तिच्या पाठीवर थाप मारली. पुन्हा मारली.

मग मुंगीने टाहो फोडला. एवढा मोठा की वरच्या मजल्यावर कोणीतरी खिडकी उघडली.

बाबा आणि आजी परत आले तेव्हा आई जमिनीवर बसली होती. मांडीवर मुंगी, लाल गालाची, आईची वेणी चघळत. शेजारी मोजायचा टेप आणि मी गिळलेलं सगळं: दोन मोजे, टोपण, क्लिप, जिराफ.

"अकरा," आई म्हणाली.

"काय अकरा?" बाबांनी विचारलं.

आईने बोट दाखवलं. आजीच्या डोळ्यांत औषध घातलेलं, वर काळा चष्मा. तिला काहीच धड दिसत नव्हतं. "काय झालं गं? पिल्लू बरं आहे ना?" म्हणत ती चाचपडत पुढे आली. तिचा हात पलंगाला लागला. हाताला गादी वाकडी लागली. त्याच हाताने एक धक्का दिला, तळवा चादरीवरून फिरला, आणि तिघांच्या देखत मी नाहीशी झाले.

"थांबा," आई म्हणाली. "हात तिथेच ठेवा."

आजी थांबली.

"मी रोज करते हे?" आजीचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"वाकडं दिसलं की तुमचा हात जातोच."

"आणि मी तुला तड्यांवरून हसले." काळ्या चष्म्याखालून पाणी आलं. औषधाचं असेल, असं बाबांना वाटलं. आईने मुंगीला उचलून आजीच्या मांडीवर दिलं. बाबा मात्र टेप घेऊन पलंग पुन्हा पुन्हा मोजत बसले, जणू चौथ्यांदा मोजल्यावर मी दहा भरेन.

दुसऱ्या दिवशी आईने फोम कापणाऱ्याला फोन केला. माप इंचात सांगितलं, सेंटीमीटरमध्ये सांगितलं, मग त्याच्याकडून दोन्ही परत वदवून घेतलं.

"ताई, गादी बाळासाठीच हवीय ना?" तो म्हणाला. "एवढं तर कपाटवालेसुद्धा मोजत नाहीत."

"म्हणूनच त्यांच्या कपाटात बाळं झोपत नाहीत," आई म्हणाली. आणि बऱ्याच दिवसांनी ती सगळ्यांत आधी हसली.

नवी गादी दाबून दाबून बसवावी लागली. झालर परत बांधली नाही. दुलईची घडी गेली. मी आता कडेला उरलेय, नखाएवढी. मुंगीला ठेवण्याआधी आई रोज चारही बाजूंनी दोन बोटं घालून बघते. ती जात नाहीत. उशाकडच्या फळीवरची रेघ तिने पुसलेली नाही.

जुनी गादी द्यायची ठरली. बाबांनी जिन्याखालच्या फळ्यासाठी कागद लिहिला: बाळाची गादी, जवळजवळ नवी, स्टँडर्ड साइझ. आईने मोठ्याने वाचला. मग तिने 'स्टँडर्ड साइझ' खोडलं, इतकं की कागद फाटता फाटता वाचला, आणि लिहिलं: साठ बाय एकशेवीस सेंटीमीटर. आधी आपला पलंग आतून मोजा.

आज सकाळी कोणीतरी गादी घेऊन गेलं. जिन्यावर बाई सांगत होती, "अहो, स्टँडर्डच असतात सगळ्या." पावलं खाली उतरत गेली. मुंगी पलंगात पडून डावीकडे बघत होती आणि हसत होती, पण इथे आता बघण्यासारखं काही नाही. मी इथे राहिले की गादीबरोबर गेले, मलाच कळत नाहीये. मला थोडं गार वाटतंय आणि पट्ट्या निराळ्या लागतायत.

तुमच्या घरी बाळ असेल तर आज जाऊन कडेला बोटं घाला. आत गार लागलं तर कोणाला दाखवायला बोलवू नका, खरं की भास याचा विचारही करू नका. तोवर मी नाहीशी झालेली असेन.

आधी बाळ उचला.