माझे अर्धे टाकून द्या

मी एक जुने खमीर आहे. पाव फुगवणारे, आंबट वासाचे, काचेच्या बरणीत राहणारे. मित्रांनो, नाक मुरडण्याआधी एवढे ऐका: आजवर दोनदा मला मेलेले ठरवण्यात आले, आणि दोन्ही वेळा ठरवणाऱ्यांची फजिती झाली.

बावीस वर्षांपूर्वी एका आईने गव्हाचे पीठ आणि पाणी कालवून बरणी खिडकीत ठेवली. दुसरे काहीही घातले नाही. चार दिवसांनी मला असा वास सुटला, की तिच्या सासूबाई नाक दाबूनच स्वयंपाकघरात आल्या.

"अगं, नासलंय ते. ओतून टाक."

"नासलं नाही हो, रुसलंय. दोन दिवस बघू या."

सातव्या दिवशी मी झाकण उचलले.

मग आमचा परिपाठ सुरू झाला. रोज सकाळी शिलाई मशीनवर बसण्यापूर्वी आई माझे अर्धे काढून टाकी आणि उरलेल्यात मूठभर ताजे पीठ आणि पाणी घाली. पाव करायच्या दिवशी ते काढलेले अर्धे कणकेत जाई. ती कणीक मळून, ओले फडके झाकून आई काज करायला बसे. घाई मला तेव्हाही खपत नसे, आजही नाही. थंडीत मी दुप्पट वेळ घेई. मुलगा आणि मुलगी ओट्याभोवती घिरट्या घालत.

"झालं का गं?"

"मला काय विचारता? त्याला विचारा."

आई बोटाने गोळा दाबून बघे. खळगा झटकन भरून आला तर अजून थांबायचे. सावकाश भरला, की भट्टीत घालायचे. बाहेर काढलेल्या पावाचे कवच गार होताना तडतडू लागे. तेवढ्यापुरते मशीन थांबे आणि तिघे कान देऊन ऐकत. गरम पाव कापायला सक्त मनाई होती. मुलगा तो कापत नसे, सरळ कोपरा चावत असे.

पुढे मुलाने यीस्टची पुडी आणली. तासाभरात पाव! आईने तोही करून पाहिला, चावला आणि म्हणाली, "फुगलाय खरा. चव यायची राहिलीय." मी बरणीत बसून बुडबुडे सोडले. मला उत्तर देण्याची गरज पडली नाही.

गेल्या वर्षी आई गेली. मुलीने तिच्या साड्या, भांडी, सगळे भावाला सांभाळायला दिले आणि मला मांडीवर घेऊन ती बसने आपल्या घरी आली. मला रोज न चुकता पीठ घातले. पण टाकून काहीच दिले नाही. आईच्या हातचे ते, टाकणार कसे? बरणी भरली, मग पातेले भरले, मग बादली आली. एवढ्या मोठ्या माझ्या दातालाही ते मूठभर पीठ लागेना. मी उपाशी राहून आंबट झालो, पातळ झालो. मित्रांनो, त्या घरात माझे लाड चालले होते आणि मी मरत होतो.

एका रविवारी भाऊ आला. त्याने ताटातला तुकडा टेबलावर आपटून बघितला.

"ताई, पाव आहे की पाटा? मेलंय गं ते."

"मेलं नाही."

"मग अर्धं टाकत जा की. आई रोज टाकायची. कधी वाईट वाटलं का तिला?"

"तिच्या आईचं नव्हतं ते."

भावाने तो सबंध तुकडा चावून संपवला. मला वाटते, त्याला क्षमा मागायची होती.

तो गेल्यावर ती बादलीजवळ बसून राहिली. मग उठली. एक चमचा मला वाटीत काढले आणि उरलेली बादली अंगणात नेऊन झाडांच्या बुंध्याशी रिकामी केली. दोन्ही हातांनी, हळूहळू. परत येऊन वाटीत ताजे पीठ घातले, पाणी घातले. पहिल्या दिवशी मी हललो नाही. दुसऱ्या दिवशी दोन बुडबुडे. तिसऱ्या दिवशी मी वाटीबाहेर होतो.

पुढच्या रविवारी तिने माझे अर्धे एका डबीत घालून भावापुढे ठेवले.

"घे. रोज अर्धं टाकायचं."

"आणि टाकवलं नाही तर?"

"मग मला फोन कर. पण टाक."

मित्रांनो, त्या आईने पहिल्या दिवशी जे पीठ कालवले होते, त्यातला कणही आता माझ्यात नाही. तो कधीचाच संपला. तिनेच संपवला, रोज सकाळी, खुशाल. तेव्हा मला आठवण म्हणून फडताळात ठेवू नका. मी शोभेची वस्तू नाही. मला टाका, वाटा, मळा, भाजा, खा. आणि पाव फुगायला उशीर झाला तर थांबा. मी येणार आहे.